कडेपासून हातभर आत

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत मी ज्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो, तो जुळे सोलापुरातल्या माझ्या घरापासून साधारण नऊ किलोमीटरवर आहे, आणि गेली सहा वर्षे हे अंतर मी रोज दोनदा सायकलवरून कापतो. याची सुरुवात कोणत्याही संकल्पाने झाली नाही. मुलगी महाविद्यालयात जाऊ लागली, घरातली एकच स्कूटर तिच्याकडे गेली, आणि आणखी एका गाडीचे हप्ते अंगावर घ्यावेत असे मला वाटेना, म्हणून मी एक वापरलेली काळी सायकल विकत घेतली. २४ इंची फ्रेम, २८ इंची चाके, दांड्यांचे ब्रेक, मागे रुंद कॅरियर. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखल्या आणि दुसऱ्या आठवड्यात दुखायच्या थांबल्या. सायकलवरून कामाला जाण्यात पायांना फारसे शिकावे लागत नाही. शिकावा लागतो तो रस्ता, आणि तो शिकायला मला जवळजवळ दोन वर्षे आणि एक मोडलेले मनगट लागले.

सकाळी सव्वासातला मी निघतो. आसरा चौकाजवळचा रेल्वेचा पूल हा या वाटेवरचा एकमेव मोठा चढ आहे. पूल ओलांडला की होटगी रस्ता, मग महावीर चौक, गुरुनानक चौक, अशोक चौक, शांती चौक, आणि तिथून अक्कलकोट रस्ता. एवढ्या वाटेत कानावर पडणारी भाषाही बदलत जाते. घराजवळ बहुतेक मराठी ऐकू येते. अशोक चौकात थांबले की शेजारची दोन माणसे तेलुगूत बोलत असतात, रिक्षावाला फोनवर कन्नडमध्ये कोणाला तरी समजावत असतो, आणि भाजीवाली समोरचे गिऱ्हाईक पाहून भाषा बदलते. पूर्व भागातल्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खटखटाट तोवर सुरू झालेला असतो, आणि त्या गल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या माणसांत आजही सायकलवाले पुष्कळ दिसतात. हँडलला डब्याची कापडी पिशवी, कॅरियरला घडी करून अडकवलेला टॉवेल, आणि चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याशी दुमडलेला पायजमा. मी हौशी सायकलस्वारांच्या रविवारच्या सहलींविषयी लिहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ही माणसे आहेत.

ही वाट पूर्वेकडे जाते, ही गोष्ट नकाशावर क्षुल्लक दिसते. सायकलवर ती क्षुल्लक राहत नाही, कारण सकाळी जाताना ऊन समोरून डोळ्यांत येते आणि संध्याकाळी परततानाही समोरूनच येते. माझे मी पाहून घेतो. टोपीचा काठ खाली ओढला की भागते. पण माझ्या मागून येणाऱ्या ट्रकचालकाच्या डोळ्यांतही तेच ऊन असते, आणि त्या झळाळीत पुढे चाललेली माझी बारीकशी काळी आकृती त्याला कितपत दिसत असेल, हा विचार थंडीच्या दिवसांत, सूर्य बराच वेळ खालीच रेंगाळतो तेव्हा, माझ्या मनातून जात नाही. त्या दिवसांत मी अंगात भडक पोपटी जाकीट घालतो. कारखान्यातल्या मुलांना सुरुवातीला त्याचे हसू आले होते. आता त्यांच्यापैकी दोघांनी तसलीच जाकिटे घेतली आहेत.

लहानपणी सायकल शिकताना ‘कडेने जा’ हे एकच वाक्य मला सगळ्यांनी सांगितले होते. आईने सांगितले, शेजारच्या काकांनी सांगितले, शाळेत शिक्षकांनी सांगितले. मोठा झाल्यावर मी पुन्हा सायकल हातात घेतली तेव्हाही मनात तेच वाक्य होते आणि ते पाळण्यात मी कसूर केली नाही. परंतु ज्याला कड म्हणतात ती जागा नेमकी कशी असते, हे सांगणाऱ्यांपैकी कोणी पाहिले होते की नाही, अशी शंका मला आता येते. डांबर जिथे संपते तिथे बाजूच्या मुरमापेक्षा ते चार बोटे उंच असते, आणि चाक एकदा त्या धारेवरून खाली घसरले की वर घेताना सायकल आडवी होते. चेंबरची झाकणे याच पट्ट्यात येतात. दर वेळी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो आणि झाकण आहे तिथेच राहते, त्यामुळे जुन्या झाकणांच्या जागी खड्डे तयार झालेले असतात. काही ठिकाणी उलट झाकण वर काढून ठेवलेले असते आणि त्याचा कठडा रस्त्याच्या वर येतो. केबलसाठी खोदलेल्या चाऱ्या कडेनेच जातात आणि त्या बुजवल्या तरी पहिल्या पावसात खचतात. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, बाभळीचे काटे, वाळू, हे सगळे मोठ्या गाड्यांच्या चाकांनी उडून तिथेच साचते. रिक्षा प्रवासी घ्यायला तिथेच थांबते, फळांचा गाडा तिथेच लागतो, आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वारही आपली चूक झाकण्यासाठी तीच कड धरून येतात. मोटारीतून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला रस्त्याच्या डावीकडे हातभर रिकामी जागा दिसते आणि सायकलवाला तिथून का जात नाही, असा प्रश्न पडतो.

सगळ्यात वाईट असतात ती उभ्या गाड्यांची दारे. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, पाऊस नुकताच उघडला असताना, होटगी रस्त्यावर एका उभ्या मोटारीचे दार माझ्यासमोर एकाएकी उघडले. ब्रेकवर बोटे गेली, पण दांड्यांचे ब्रेक ओल्या रिमवर धरत नाहीत. हँडल दारावर आदळले आणि मी उजवीकडे, म्हणजे वाहत्या रस्त्यात, पडलो. मागच्या रिक्षावाल्याने वेळेवर रिक्षा थांबवली म्हणून हे मी लिहू शकतो आहे. मोटारीतला गृहस्थ धावत आला, त्याचे हात थरथरत होते, आणि तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, ‘‘खरंच दिसला नाहीत हो तुम्ही.’’ त्यानेच मला दवाखान्यात नेले आणि क्ष-किरण फोटो निघेपर्यंत तो बाहेर बसून राहिला. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. त्या सहा आठवड्यांत मी त्याच्या वाक्याचा खूप विचार केला, कारण ते खोटे नव्हते. मी त्याला दिसेन अशा जागी नव्हतोच. उभ्या गाड्यांना खेटून, त्यांच्या आरशाच्या कोपऱ्यातून, मी मला शिकवलेल्या नियमाप्रमाणे कडेने चाललो होतो.

प्लास्टर निघाल्यावर मी अधिकच बिचकलो आणि अधिकच कडेला गेलो. याचा परिणाम उलटा झाला. मी जितका डावीकडे सरके, तितक्या जवळून गाड्या जाऊ लागल्या.

त्या दिवसांत शांती चौकाच्या पुढे मला रोज एक वयस्कर विणकर भेटत. ते आमच्याच वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात दिवसपाळीला जात. साठी उलटलेली, अंगाने सडपातळ, आणि सायकल माझ्यासारखीच काळी, फक्त माझ्याहून बरीच जुनी. आमच्या वेगातही फरक नव्हता. तरीही मागून येणाऱ्या गाड्या त्यांना वळसा घालून जात आणि मला घासून जात. बरेच दिवस मी याचे कारण त्यांच्या पांढऱ्या केसांत शोधत होतो. मग एका सकाळी ते शेजारी आले, थोडा वेळ माझे चालवणे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, कडंला कशाला जाता? कडंला गेलं की लोक अजून ढकलतेत. हातभर आत या. आणि हालू नका.’’

एवढेच बोलून ते पुढे गेले. त्यांना मी तेव्हापासून मामा म्हणतो.

हातभर आत या आणि हालू नका, या दोन सूचनांत किती काय आहे ते मला पुढच्या काही महिन्यांत, रोज थोडे थोडे, उमगत गेले. मी अगदी कडेला असतो तेव्हा मागच्या चालकाला आपली गाडी जराही न वळवता माझ्या बाजूने काढता येईल असे वाटते, आणि खरे तर तेवढी जागा नसते. मी हातभर आत असलो की त्याला काहीतरी ठरवावेच लागते: वेग कमी करायचा की उजवीकडे घ्यायचे. ज्याने असे ठरवले त्याने मला पाहिलेले असते, आणि मला त्याच्याकडून एवढेच हवे असते. शिवाय माझ्या डावीकडे तो हातभर रस्ता मोकळा राहतो. चेंबर आले, कुत्रे आडवे आले, दार उघडले, तर मला सरकायला जागा असते. ‘हालू नका’चा अर्थ त्याहून खोल आहे. उभ्या दोन गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचे आणि पुढची गाडी आली की पुन्हा बाहेर यायचे, ही माझी सवय होती आणि मला ती नम्रपणाची वाटे. मागून येणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मी दर वेळी नाहीसा होऊन पुन्हा उगवणारा माणूस होतो. आता मी एक सरळ रेघ धरतो. जागा बदलायचीच असेल तर आधी उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहतो, मग हात दाखवतो आणि मगच वळतो. हाताच्या खुणेपेक्षाही मागे वळलेल्या चेहऱ्याचा उपयोग अधिक होतो, असा माझा अनुभव आहे. चेहरा दिसला की चालकाला पुढे सायकल नसून माणूस असल्याचे जाणवत असावे.

हॉर्नचेही असेच आहे. सुरुवातीला प्रत्येक हॉर्नने माझे खांदे आकसत. पुढे लक्षात आले की लांबून वाजणारा छोटा हॉर्न म्हणजे ‘मी येतो आहे’ एवढाच निरोप असतो, आणि सलग वाजणारा हॉर्न चिडका असला तरी तो वाजवणाऱ्याने मला पाहिलेले असते. भीती बाळगावी ती काहीच न वाजवता येणाऱ्याची.

हा नियम सगळीकडे लावावा असे मात्र मी म्हणणार नाही. उसाच्या हंगामात होटगी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, उसाची टोके दोन्ही अंगांना बाहेर आलेली असतात, मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीच्या मागोमाग सरळ न येता झोके खात येते, आणि अंधारात तिच्या पाठीवर कित्येकदा दिवा सोडाच, रेडियमची एक पट्टीही नसते. अशा वेळी मी सायकलवरून उतरतो, कडेच्याही पलीकडे जाऊन उभा राहतो आणि ती जाईपर्यंत वाट पाहतो. मामाही उतरतात.

माझा पुतण्या स्थापत्य अभियंता आहे. एका रविवारी मी त्याला हे सगळे सांगत असताना त्याने मला रस्ते मोजण्याची पद्धत समजावून दिली, आणि हिशेबाचे काम करणारा माणूस असल्यामुळे ती माझ्या मनात घर करून बसली. एखाद्या रस्त्यावरून किती वाहतूक जाते हे काढताना वेगवेगळी वाहने सरळ मोजून चालत नाही, कारण ट्रक आणि सायकल सारखी जागा घेत नाहीत. म्हणून मोटार म्हणजे एक असे धरून बाकी वाहनांना तिच्या प्रमाणात वजन देतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सायकलीला ०.४ ते ०.५, ट्रक किंवा बसला २.२ ते ३.७, आणि ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला ४ ते ५ असे आकडे दिले आहेत. म्हणजे पाच सायकली मिळून दोन ते अडीच मोटारी होतात, आणि एका ट्रॅक्टरएवढी जागा व्यापायला आठ ते साडेबारा सायकली लागतात. मोजणी म्हणून यात मला काहीच गैर दिसत नाही. पण मी वहीत ज्या तऱ्हेने नोंदी करतो त्या तऱ्हेने याकडे पाहिले की एक गोष्ट खुपते. हा आकडा कोण किती जागा खातो ते सांगतो, म्हणजे तो खर्चाच्या बाजूचा आकडा आहे. कमी जागा खाणाऱ्याच्या नावावर तेवढी बचत जमा व्हायला हवी. प्रत्यक्षात रस्ता रुंद करताना मोठ्या आकड्याची मागणी पुढे येते, आणि ज्याच्या नावापुढे ०.४ लिहिलेले असते त्याचा पट्टा पार्किंगला, फळांच्या गाड्यांना आणि चेंबरांना जातो. ज्याने वर्षानुवर्षे कमी खर्च केला त्याच्याच खात्यातून रक्कम कापली जावी, असे हिशेबात मी कधी पाहिलेले नाही.

आणि ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले होते. शेतीबाहेरचे काम करणाऱ्यांत देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामाला जात होते. त्यानंतर हे प्रमाण बदलले असेल, पण सकाळी पावणेआठला अशोक चौकात उभे राहिले तर त्या १३ टक्क्यांतली माणसे डोळ्यांना दिसतात.

माझे वडील गिरणीत विणाई खात्यात होते. १८७७ मध्ये इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि तेव्हापासून शंभरेक वर्षे या शहराची घड्याळे भोंग्यावर लावली जात. पाळी सुटायची वेळ झाली की मी आणि माझा भाऊ गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबत असू. आधी चालत येणारे लोक दिसत, आणि मग सायकली, एवढ्या की रस्त्याचा पृष्ठभाग दिसेनासा होई. त्या गर्दीतून एखादी मोटार आली तर ती सायकलींच्या वेगाने चाले, कारण तिला दुसरा वेगच उपलब्ध नसे. वडील त्या लोंढ्याच्या बरोबर मध्यभागी असत आणि आम्हाला ओळखून घंटी वाजवत. ‘कडेने जा’ हे त्यांनी आम्हाला कधी सांगितल्याचे मला आठवत नाही. सांगणाऱ्या इतरांत ते नव्हते. मला वाटते, कडेने जाण्याची कल्पनाच त्यांना परकी होती. रस्त्याच्या मधोमध चालण्यासाठी त्यांच्या अंगी काही विशेष धैर्य होते असे नाही. त्यांच्या डाव्या आणि उजव्या हाताला त्यांच्यासारखीच आणखी शेकडो माणसे होती. त्या गिरण्या बंद पडल्या, लोक विखुरले, सायकली एकेकट्या झाल्या, आणि एकटी पडलेली सायकल कडेला ढकलली गेली.

या शहराला वाट देता येत नाही, असे मात्र मला कोणी सांगू नये. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात तेव्हा पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते उंच, जड काठ्यांचे ध्वज कमरेवर तोलून अनवाणी चालत असतात, आणि त्यांच्यापुढे अख्खे सोलापूर आपापल्या गाड्या बंद करून उभे राहते. तोल सांभाळत चाललेल्या माणसाच्या जवळून जायचे नसते, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. लहान मूलही आईचा हात धरून दोन पावले मागे सरकते. दर जानेवारीत मी हे पाहतो आणि मला आशा वाटते.

सायकल दुरुस्त करणाऱ्यांची संख्या मात्र दरवर्षी घटते आहे. कुमठा नाक्याच्या बाजूला मी ज्यांच्याकडे पंक्चर काढतो, ते आता मुख्यतः दुचाकींचे काम करतात आणि माझ्यासारख्यांसाठी दांड्यांच्या ब्रेकचे गुट्टे डब्यात जपून ठेवतात. ॲटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनीच, बंद पडला, ती बातमी मला त्यांनीच सांगितली होती. त्या वेळी ते माझ्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. एकेक तार ताणून, बोटाने टिचकी मारून, आवाज ऐकून ते पुढच्या तारेवर जात. ही विद्या त्यांचा मुलगा शिकलेला नाही.

उन्हाळ्याविषयी मी फार लिहीत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो, डांबर मऊ पडते, आणि संध्याकाळी सहालाही रस्त्यातून वाफ आल्यासारखी वाटते. ओला पंचा मानेवर घेऊन, थांबत थांबत जावे लागते. पण ऊन सोसता येते, कारण ते सगळीकडे सारखे असते. सोलापुरात सायकलवाल्याला खरे थकवतो तो आषाढातला वारा. पाऊस इथे हात राखून पडतो, वारा मात्र पश्चिमेकडून दिवसदिवस वाहतो. सकाळी तो पाठीशी असतो आणि कामावर जाताना पाय मारावे लागत नाहीत. संध्याकाळी तोच सगळे वसूल करतो. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मी ताशी १५ किलोमीटरने चाललो आणि समोरून तेवढ्याच वेगाचा वारा असला, तर तो अडसर चौपट होतो. अशा वेळी उतरून चालावे असे कितीदा तरी वाटते.

मागच्या आषाढात महिनाअखेरीच्या हिशेबासाठी मी रात्री आठपर्यंत थांबलो होतो. फाटकाबाहेर आलो तेव्हा दिवसपाळी सुटली होती आणि मामा नुकतेच सायकलवर बसत होते. वारा इतका होता की बोलणे ऐकू येत नव्हते. ते काही न बोलता पुढे झाले, आणि मी त्यांच्या मागच्या चाकापासून दोनेक हातांवर राहिलो. लगेच फरक जाणवला. त्यांच्या पाठीच्या आडोशाला वारा निम्म्यावर आल्यासारखा वाटत होता. समोर त्यांच्या मडगार्डवरची रेडियमची पट्टी मागून येणाऱ्या दिव्यांत उजळत होती आणि विझत होती, आणि ती रस्त्याच्या कडेपासून बरोबर हातभर आत होती. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात खाली सोडून हलवला. मी पुढे गेलो आणि ते माझ्या मागे आले. साठी उलटलेला, बारा तास मागावर उभा राहिलेला माणूस माझ्या आडोशाला आहे, या विचाराने मी पाय सैल सोडले नाहीत. शांती चौकापर्यंत आम्ही तीनदा जागा बदलल्या. मागून एक ट्रक आला, त्याने वेग कमी केला, काही वेळ आमच्या मागे राहिला आणि पलीकडची बाजू रिकामी झाल्यावर लांबून वळसा घालून गेला.

अशोक चौकाच्या अलीकडे मामांची गल्ली येते. त्यांनी मागे वळून पाहिले, हात दाखवला आणि ते वळले. मी ‘येतो मामा’ म्हणालो ते वाऱ्यात त्यांना ऐकू गेले की नाही कोण जाणे. त्यांची घंटी मात्र मला ऐकू आली. पुढे गुरुनानक चौक, महावीर चौक आणि आसऱ्याचा पूल अजून ओलांडायचा होता.